झडीतलं ऊन

"वीस," सुकेशनी म्हणाली. मीटरचा चिमटा तिनं पॅनलकडून येणाऱ्या तारेवरून काढला आणि बॅटरीकडे जाणाऱ्या तारेला लावला. "अन् इकडेही वीसच."

"मंग बरं हाय नं," दुर्गाबाई दारातून म्हणाली. "जेवढं आलं तेवढं गेलं. मधात कोठी सांडलं नाई."

"तेच तं वाईट हाय, माय."

दुर्गाबाईला काही उमगलं नाही. बाजेवर उशांना टेकून बसलेल्या देवमनला मात्र मुलीचा आवाज ओळखू आला. लहानपणी शाळेतून मार खाऊन आली की ती अशीच बोलायची, खालच्या पट्टीत, तोंड फिरवून.

"काय... झालं... सुकू?" त्यानं विचारलं. तीन शब्दांना त्याला दोनदा थांबावं लागलं.

सुकेशनीनं पॅनलची आणि मग बॅटरीची तार सोडवली, भिंतीवरचा काळा डबा खाली घेतला आणि मांडीवर धरून त्याचे चार स्क्रू काढले. डब्यावर सोनेरी ठळक अक्षरांत 'एमपीपीटी' छापलेलं होतं. उन्हातून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारा कंट्रोलर, असा त्याचा अर्थ. अशा डब्यात तांब्याच्या तारेची जाडजूड गुंडाळी असते. पॅनलचा जादा दाब त्या गुंडाळीतून उतरतो आणि त्याचा करंट होतो. म्हणून वीस अँपिअर आत गेले की बाहेर सत्तावीस-अठ्ठावीस पडायला हवेत. सुकेशनीनं झाकण उचललं. आत हाताच्या तळव्याएवढी हिरवी पट्टी होती, दोन-चार भाग होते आणि बाकी नुसती पोकळी. गुंडाळी नव्हतीच.

हा डबा तिनं स्वतः आणला होता. स्वतःच्या हातानं भिंतीवर ठोकला होता.

सुकेशनी वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेली. किन्हीराजाजवळच्या या वस्तीतून रोज स्कुटीनं शेलूबाजारला जायची, वीरेंद्रभाऊच्या सोलरच्या दुकानात. शिडी खांद्यावर घेऊन कुणाच्या अंगणात शिरली की लोक तिच्या मागे पाहायचे आणि विचारायचे, "मिस्त्री कोठी राह्यला?" ती म्हणायची, "मीच." सुरुवातीला राग यायचा, पुढे हसू यायला लागलं, आता काहीच यायचं नाही. लग्नाच्या गोष्टी आल्या आणि गेल्या. छपरावर चढणारी सून कुणाला नको होती, आणि छपरावरून उतरायचं तिच्या मनात नव्हतं.

देवमननं आयुष्य गिट्टीच्या खदानीत काढलं. दगड फोडणाऱ्या मशीनच्या तोंडाशी उभं राहून त्यानं तरुणपण घालवलं, तोंडाला फक्त दुपट्टा बांधून. ती धूळ आता त्याच्या छातीत घर करून होती. वाशिमच्या मोठ्या दवाखान्यात दोनदा भरती झाली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरनं सुकेशनीला बाजूला नेऊन सांगितलं की फुप्फुसं दगडासारखी झाली आहेत, घरी ऑक्सिजनची मशीन लावा, होईल तेवढं होईल. मशीन मिळाली. कोरोनाच्या काळात आलेली एक मशीन ग्रामपंचायतीच्या खोलीत पोत्यांमागे पडून होती. सुकेशनीनं ती पुसली, चालू करून पाहिली आणि घरी आणली.

मशीनला वीज लागते, आणि वस्तीवरची वीज गेली होती. वीज पडून डीपी, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. लाइनमन येऊन पाहून गेला. "नवी डीपी आली का लावतो, ताई. कधी येईन ते माह्या हाती नाई," एवढंच तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावरून कळत होतं की खरंच त्याच्या हातात काही नाही. म्हणून सुकेशनीनं एका जुन्या इमारतीवरून उतरवलेले चार पॅनल दुकानातून आणले, दोन बॅटऱ्या जोडल्या, इन्व्हर्टर लावला. हिशोबानं रात्र निघायला हवी होती. पण रोज पहाट व्हायच्या आधीच मशीन बीप बीप करत बंद पडायची, आणि दिवस उजाडेपर्यंत देवमन दोन्ही हातांनी बाजेची पाटी धरून, मान पुढे काढून बसलेला असायचा.

आज तिला त्याचं कारण सापडलं होतं.

"मी शेलूबाजारले जाऊन येते," ती म्हणाली. उघडा डबा तिनं तसाच पिशवीत टाकला.

*

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वीरेंद्रभाऊ पंख्याखाली बसून चहा पीत होता. सुकेशनीनं डबा त्याच्यासमोर काउंटरवर ठेवला.

"याच्यात कॉइल कोठी हाय, भाऊ?"

वीरेंद्रभाऊनं डब्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. अनोळखी माणसापुढे तो हसून वेळ मारून नेई. हिच्यापुढे त्यानं तसं केलं नाही.

"हा तू घरी लावला?"

"बाबाच्या मशीनले लावला."

"मले सांगतलं असतं तं..."

"तुमीच तं म्हटलं होतं, हा ने, चांगला हाय म्हून. मी असे किती घरी लावले, भाऊ? किन्हीत लावले, तांड्यात लावले. लोकायले माह्या तोंडानं सांगतलं का उन्हातून जास्त काढते."

"सुकेशनी, लोकायले सस्ता पाह्यजे," तो हळू म्हणाला. "खरा डबा दाखवला का उठून जातात. समोरचा दुकानवालाही हेच इकते. लाइटच लावा लागतात नं लोकायले. घंटाभर कमी जळला तं कोन मरते?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. तो उठला. मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळ काही हलवत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक जड खोका होता. एका कोंबड्यांच्या शेडसाठी मागवलेला, त्या मालकाचं नाव वर पेनानं लिहिलेलं.

"हा घेऊन जाय. तो मानूस थांबते."

"अन् बाकीच्या घरचं काय?"

वीरेंद्रभाऊनं खोका तिच्या हातात दिला, तो खरोखरच जड होता. सुकेशनीला आणखी बोलायचं होतं, भांडायचं होतं, काम सोडते म्हणून सांगायचं होतं. पण आभाळ भरत होतं आणि घर दूर होतं. तिनं खोका स्कुटीवर पायांपाशी ठेवला आणि निघाली. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीन गच्च उभं होतं. त्यावरून ढगांच्या सावल्या सरकत होत्या, आणि सुकेशनी प्रत्येक सावली नजरेनं मोजत होती.

*

नवा कंट्रोलर लावला तेव्हा दिवस कलला होता, तरी थोडं ऊन होतं. सुकेशनीनं मीटर लावला. आत नऊ, बाहेर बारा. तिनं चिमटा काढून पुन्हा लावला. बाराच.

"बाबा, पाहा," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा झाला.

देवमननं मान वळवली. त्याला आकड्यांपेक्षा मुलीच्या तोंडाकडे पाहायचं होतं. "कायचा... फरक हाय?"

खदानीत लागायच्या आधी तो काही वर्षं पाटलाकडे सालदार होता, औत हाकलेला माणूस. ती बाजेपाशी बसली. "पॅनल म्हंजे तगडा बैल समजा. बॅटरी म्हंजे म्हातारा. जुन्या डब्यानं दोघायले एकाच जुवाले जुंपलं होतं. तगड्यालेही म्हाताऱ्याच्याच चालीनं चालावं लागे. त्याचा जोर वाया जाये."

"अन् हा?"

"हा पॅनलले त्याच्या चालीनं चालू देते. अन् त्याचा जास्तीचा जोर म्हाताऱ्याले पुरन अशा रूपात बदलून देते."

देवमननं श्वास गोळा केला. "त्याची चाल... कोनती... हे कसं समजते त्याले?"

"थोडं पुढे ढकलून पाह्यते. थोडं मागे वढून पाह्यते. जठी जास्त निघते तठी थांबते. ऊन बदललं का पुन्हा सुरू."

"म्हंजे... त्याले बसनं नाई."

"दिवसभर नाई."

देवमन हसला आणि त्याला खोकला आला. दुर्गाबाईनं पाठ चोळली. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "खदानीत ह्याच उन्हाले... शिव्या देल्ल्या आमी. आता त्याच्याच... पाशी मागून राह्यलो."

त्यानंतरचे तीन-चार दिवस बरे गेले. ऊन-सावली होती, पण कंट्रोलर मिळेल ते उचलत होता आणि मशीन उजाडेपर्यंत चालत होती. देवमनला झोप लागू लागली. एका सकाळी त्यानं स्वतःहून भाकर मागितली आणि दुधात कुस्करून अर्धी खाल्ली. दुर्गाबाईनं ही गोष्ट बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या वाचनाला आलेल्या बायांना सांगितली. बायांनी "बरं झालं वं बाई" म्हटलं. खदानीवर गेलेली माणसं त्यांच्याही घरात होती. त्या दुर्गाबाईच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या.

मग झड लागली.

पाऊस मोठा नव्हता. नुसती बारीक भुरभुर, आणि आभाळ असं खाली आलेलं की दुपार आणि संध्याकाळ यांत फरक कळू नये. सुकेशनीनं कामावर जाणं बंद केलं. चिखलाच्या पायांनी ती छपरावर चढायची, पॅनल फडक्यानं पुसायची, उतरून डब्याच्या पडद्यावर पाहायची. पडद्यावर आकडा हलत असायचा. तीन, चार, पुन्हा तीन. डबा आपलं काम चोख करत होता. जिथे सगळ्यात जास्त निघतं ती जागा शोधत होता आणि सापडतही होती त्याला. पण ढगाखाली सगळ्यात जास्त म्हणजेही फार थोडं होतं.

शेजारच्या सरिताच्या शेवग्याची एक फांदी एका पॅनलवर झुकली होती. उन्हाच्या दिवसांत तिचं काही वाटलं नव्हतं. आता सुकेशनी कुंपणापाशी गेली आणि कसं मागावं ते न सुचून उभी राहिली. शेंगांनी लगडलेली फांदी होती.

"काहून उभी हाय वं?" सरितानं विचारलं. मग तिच्या नजरेमागे वर पाहिलं, आत गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली. "चढ तू. मले झाडावर चढनं जमत नाई आता."

फांदी पडली. पडद्यावर चाराचे पाच झाले. सुकेशनी त्या पाचाकडे पाहत राहिली.

तिसऱ्या दिवशी मशीन संध्याकाळीच बीप करू लागली. तेव्हा देवमननं तिला जवळ बोलावलं.

"दिवसा... बंद ठेव. रात्रीले... लाव."

"दिवसा तुमाले जमन का?"

"बसतो मी."

आणि तो बसला. दिवसभर, गुडघ्यांवर कोपरं टेकून, तोंड उघडं ठेवून. ओठ निळसर पडत. गळ्याशी खड्डा पडे आणि भरे. दुर्गाबाई त्याच्या मागे बाजेवर बसून पाठीला हात लावून असे. सुकेशनीला घरात थांबवत नव्हतं आणि बाहेर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकदा ती म्हणाली, "बाबा, गाडी बोलावते. वाशिमले जाऊ. तठी लाइट हाय, नळीतून येते ऑक्सिजन."

देवमननं मान हलवली, नाही म्हणून.

"काहून नाई?"

"तठून... आनतान... मले." तो थांबला. "पन कसा आनतान?"

तिनं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर ओळखीचे झाले होते, भले माणूस होते. ते म्हणाले, "आणा, मी बेड देतो. पण ताई, खोटं सांगत नाही. इथे काय आणि तिथे काय, हवा देणारं यंत्र कितीही चांगलं असलं तरी घेणारं फुप्फुस उरलेलं नाही." सुकेशनीनं फोन ठेवला आणि आईला सांगितलं की लागला नाही.

*

झड उघडली ती एका सकाळी अचानक. धुतलेलं आभाळ, आणि ऊन असं की टिनाकडे पाहवेना. पॅनल थंड होते, ऊन कडक होतं. पडद्यावरचा आकडा चढत गेला. पंधरा, पंचवीस, मग त्याच्याही वर. एवढा आकडा सुकेशनीनं त्या घरात कधी पाहिला नव्हता. तिनं दिवसाच मशीन लावली, बटण फिरवून धार मिनिटाला पाच लिटरवर नेली, आणि तरीही बॅटरी भरतच होती. दुपारपर्यंत डब्यावरचा हिरवा दिवा स्थिर झाला. भरली. वरून येणारं ऊन आता घ्यायला जागा नव्हती.

"माय! बॅटरी फुल झाली! रातभर चालन, उद्याही चालन!"

दुर्गाबाई ओलं धुणं टाकून आत आली. दोघींनी मिळून देवमनची बाज दारापाशी सरकवली. त्याच्या पायांवर ऊन पडलं. सुकेशनीनं त्याच्या बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन मोजायचा. आकडा सत्तरच्या खाली होता. ती थांबली. मशीनच्या बाटलीत बुडबुडे जोरात उठत होते. धार पूर्ण होती. आकडा हलला नाही.

तिनं नळी तपासली. कुठे दुमडली होती का पाहिली. दुसऱ्या बोटाला चिमटा लावला. मग उठून कंट्रोलरकडे गेली, इन्व्हर्टरकडे गेली, सगळं ठीक होतं. पुन्हा येऊन बटण फिरवू लागली, ते आणखी फिरत नव्हतं.

"सुकू," देवमन म्हणाला.

"थांबा बाबा, कोठीतरी हवा गळत असन."

"किती... भरली?"

"पूर्ण."

"मंग... बस आता... खाली."

ती बसली. जमिनीवर, बाजेला पाठ लावून. गेल्या कित्येक दिवसांत ती त्याच्यापाशी अशी बसली नव्हती. सारखी छपरावर, नाहीतर भिंतीकडे तोंड करून मीटर धरलेली. देवमनचा हात तिच्या डोक्यावर आला. हाताला वजन नव्हतं. बोटं तिच्या केसांतून थोडी फिरली आणि तिथंच राहिली. अंगणात सरिताच्या कोंबड्या चिखल उकरत होत्या. दुर्गाबाई पायथ्याशी बसून नवऱ्याच्या तळपायांना तेल लावू लागली. ऊन त्याच्या पायांवरून गुडघ्यांवर चढलं.

दुर्गाबाईच्या हाताला आधी कळलं. तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि नवऱ्याचे दोन्ही पाय धोतरानं नीट झाकले. मग म्हणाली, "सुकेशनी, बंद कर ते."

सुकेशनीनं मशीन बंद केली. इतके दिवस तिची घरघर कानात होती. ती थांबल्यावर वस्तीतले सगळे आवाज एकदम आत आले.

*

देवमनच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी येऊन गेले, पाहुणे परतले. डीपीही आली, वस्तीत दिवे लागले. सुकेशनी दुकानात गेली नाही. ती घरोघरी जाऊन आपण लावलेले डबे उघडत होती आणि लोकांना दाखवत होती. काहींनी शिव्या दिल्या. बऱ्याच जणांनी ऐकून घेतलं आणि म्हटलं, राहू दे ताई, दोन दिवे लागतात तेवढे बस.

अशातच शेलूबाजाराच्या बाजूच्या तांड्यावरून हरिसिंग आला. डोक्याला फेटा, हातात काठी. ओसरीच्या खालीच उभा राहिला.

"बाई, तुह्या बापाची मशीन हाय म्हंते घरी. मी देवमनसंग खदानीत होतो. माह्या बायकोले, कमलीले, लागते. आमच्या तांड्यात लाइट रात्रीची राह्यत नाई."

सुकेशनीनं आईकडे पाहिलं. दुर्गाबाई म्हणाली, "नेऊ दे. सगळंच नेऊ दे."

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये पॅनल, बॅटऱ्या, कंट्रोलर आणि मशीन घालून सुकेशनी तांड्यावर गेली. दुपारपर्यंत तिनं पॅनल चढवले, तारा ओढल्या. मीटर लावून पाहिला. आत कमी, बाहेर जास्त, ठीक होतं. हरिसिंग प्रत्येक वेळी खालून विचारत होता, "चालन नं, बाई?" ती म्हणत होती, "चालन."

कमलीबाई आत गोधड्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसली होती. खदानीत बायाही होत्या, डोक्यावर टोपल्यांनी गिट्टी वाहणाऱ्या. तिच्या कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या आता सैल होऊन मनगटाशी जमल्या होत्या. सुकेशनीनं मशीन चालू केली, नळी उलगडली आणि तिच्यासमोर बसली.

"कोनाची व्हय ही?" कमलीबाईनं विचारलं.

"माह्या बाबाची."

"बरा झाला का तो?"

हरिसिंग दारात होता. त्यानं सुकेशनीकडे पाहिलं, काहीतरी मागितल्यासारखं. सुकेशनीच्या हातात नळी होती आणि तिच्या टोकातून हवा बाहेर येत होती, बोटांना गार लागत होती.

"नाई," ती म्हणाली.

कमलीबाईनं मान हलवली. थोडा वेळ ती मशीनकडे पाहत राहिली. मग सुकेशनी पुढे झाली तशी तिनं हात करून तिला थांबवलं.

"दे इकडे. मी लावते."

तिनं ओढणी डोक्यावरून मागे सारली, कानातले जड चांदीचे दागिने एका हातानं बाजूला धरले, आणि दुसऱ्या हातानं नळी नाकाला लावली. मग ओढणी पुन्हा डोक्यावर घेतली, पदर सारखा केला आणि दाराकडे तोंड करून ताठ बसली.